विमा गाडीचा, चूक आजोबांची

घरच्या गाडीचा इन्शुरन्स ऑनलाइन रिन्यू कोण करतं? बऱ्याच घरांत हे काम आता कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडेच आलंय. तो फॉर्म आठवून बघा. गाडीचा नंबर, मॉडेल, कितव्या वर्षाची, मागच्या वर्षी क्लेम घेतला का, एवढं सगळं विचारतात. पण गाडी रोज चालवणाऱ्या ७२ वर्षांच्या आजोबांवर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही.

कारण सोपं आहे. आपल्याकडे प्रीमियम मुख्यतः गाडीवरून ठरतो, चालवणाऱ्यावरून नाही. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार खासगी कारला १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये पडतात. चालवणारा २२ चा असो की ७२ चा, शिस्तीचा असो की बेफाम, रक्कम तीच!

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो विमा असतो, त्यात ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. सलग पाच वर्षं क्लेम घेतला नाही, तर प्रीमियममध्ये ५० टक्के सूट. नीट बघा, ही सूट क्लेम न घेतल्याची आहे, नियम पाळल्याची नाही. म्हणजे डोक्यावर चलानांचा ढीग असलेल्या माणसालाही ती मिळू शकते.

ब्रिटनमध्ये याच्या उलट आहे. तिथे पॉलिसी काढतानाच गाडी कोण चालवणार, त्याचं वय किती, त्याला आधी शिक्षा झाली आहे का, हे विचारतात. दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद लायसन्सवर ११ वर्षं राहते. सत्तरी गाठली की दर तीन वर्षांनी लायसन्स रिन्यू करावं लागतं. गंभीर गुन्हा नावावर असलेल्या ज्येष्ठाला विमा महाग पडतो, पण निदान काय ते आधीच कळतं.

मग आपल्याकडे ज्येष्ठांची चैनच की! पण खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे चालकाची चौकशी होत नाही असं नाही. ती अपघात झाल्यावर होते.

अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं अशा गुन्ह्यांत, कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार, लायसन्स पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतं, पुन्हा तेच केलं तर रद्द. आता समजा, त्या तीन महिन्यांत आजोबा ‘इथे कोपऱ्यावरच तर जायचंय’ म्हणत गाडी घेऊन निघाले आणि कुणाला तरी धडक बसली. जखमी माणसाला वाऱ्यावर सोडू नये म्हणून कोर्ट विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावू शकतं. पण मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने अटी मोडल्याचं सिद्ध झालं, तर तीच रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केलं. गाडी बाबांच्या नावावर असेल, तर वसुली बाबांकडून. आणि चालवणारा नशेत असेल, तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम पॉलिसीच्या अटींनुसारच बाद होतो.

प्रीमियमला वाहतुकीच्या गुन्ह्यांशी जोडायचा विचार आपल्याकडेही झालाय. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये तशी शिफारस केली. प्रत्येक गुन्ह्याला गुण द्यायचे, दारू पिऊन गाडी चालवल्यास १००, चुकीच्या पार्किंगला १०, आणि गुण वाढले की प्रीमियम वाढवायचा. सुरुवात दिल्ली परिसरात करावी, असंही सुचवलं होतं. यातला महत्त्वाचा भाग म्हणजे इथे वय मोजलेलं नाही, वागणं मोजलंय. मला हे पटतं. चाळीस वर्षं नीट गाडी चालवणाऱ्या आजीला केवळ वाढदिवसामुळे जास्त पैसे का पडावेत? आणि सिग्नल तोडणाऱ्या नातवाला सूट का मिळावी?

पण नियम बदलेपर्यंत वाट बघू नका. या रविवारी तीन गोष्टी करा. घरच्या गाडीवर किती चलान बाकी आहेत ते बघा. आजोबांच्या लायसन्सची मुदत तपासा. पंचावन्नच्या पुढे ते एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं आणि संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. तिसरं, रिन्यू करताना जो डॉक्टरी दाखला लागतो, तो नुसती सही आणून उरकू नका. डोळे खरंच तपासून घ्या.

गाडीची किल्ली म्हणजे आजोबांची मोकळीक असते. बँक, दवाखाना, मित्रांचा कट्टा, सगळं त्यावर चालतं. म्हणून ‘तुम्हाला आता जमत नाही’ असं म्हणू नका. ‘आजोबा, लायसन्स बंद असताना काही झालं तर पैसे बाबांना भरावे लागतील’, एवढंच सांगा. लायसन्स परत मिळेपर्यंत त्यांना कट्ट्यावर सोडायची जबाबदारी मात्र तुम्ही घ्या.