कैवार काय फक्त निर्दोषांचाच?

ज्याने गुन्हा केल्याचे सारे जग सांगते, त्याचे वकीलपत्र घेणाऱ्याला देवाचे भय कसे वाटत नाही? हा प्रश्न आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतून वारंवार कानी येतो. विचारणारे सज्जन असतात, श्रद्धावान असतात. घरातील मुलगी कायदा शिकते म्हणाली, की वडीलधारी मंडळी तिला बजावतात, "दिवाणी कामे कर, पण गुन्हेगारांच्या वाटेस जाऊ नकोस." ज्या छत्रपती संभाजीनगरात १९८१ सालापासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, तेथेही हा समज मूळ धरून आहे. हा समज ख्रिस्ती नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तो आला कोठून? पुष्कळसा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. अमेरिकेत १९५७ ते १९६६ या काळात गाजलेला पेरी मेसन घ्या, अथवा २०१० ते २०१६ या काळात आपल्या घराघरांत पोहोचलेल्या 'अदालत' मालिकेतील के. डी. पाठक घ्या. यांचे अशील बहुधा निर्दोषच असतात आणि खरा अपराधी भर न्यायालयात उघडा पडतो. अशा वकिलापुढे धर्मसंकट उभे राहतच नाही. प्रेक्षक मात्र नकळत एक धडा गिरवतो: चांगला वकील निर्दोषांचाच असतो, मग आरोपी दोषी असेल, तर त्याचा वकीलही दोषीच!

याच माध्यमाने एकदा याहून प्रामाणिक प्रश्न विचारला होता. १९५७ साली अमेरिकेतील 'स्टुडिओ वन' या नाट्यमालेत रेजिनाल्ड रोझ यांनी लिहिलेले 'द डिफेंडर' हे नाटक दोन भागांत सादर झाले. ज्यांच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'वरून बासू चॅटर्जी यांनी १९८६ साली 'एक रुका हुआ फैसला' काढला, तेच हे रोझ. पिता व पुत्र दोघेही वकील. आपला अशील खुनी आहे, अशी पित्याची मनोमन खात्री. त्यामुळे बचावात त्याचे मन लागत नाही. पुत्र मात्र म्हणतो, की वकीलपत्र घेतले ते निवाडा करण्यासाठी नव्हे. या नाटकातूनच पुढे १९६१ ते १९६५ पर्यंत 'द डिफेंडर्स' ही मालिका चालली.

हे परदेशातील नाटक झाले. आपल्या महाराष्ट्रात मात्र ते प्रत्यक्ष घडले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव महानगर दंडाधिकारी न्यायालयांतील वकिलांच्या संघटनेने केला. मार्च २००९ मध्ये न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नेमणूक करताच त्यांच्या वरळीच्या घरावर दगड आले. पुढे अब्बास काझमी व त्यांच्यानंतर के. पी. पवार यांनी ते काम केले. त्याच खटल्यात फहीम अन्सारी या भारतीय सहआरोपीची बाजू शाहिद आझमी मांडत होते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. ३ मे २०१० रोजी न्यायालयाने कसाबला दोषी ठरविले आणि अन्सारी यांच्यासह दोन्ही भारतीय सहआरोपींना निर्दोष सोडले. वरिष्ठ न्यायालयांनीही ती सुटका कायम ठेवली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. जमावाच्या लेखी हे तिघेही सारखेच होते. त्यांतील दोषी कोण आणि निर्दोष कोण, हे निवडले ते पुराव्याने व उलटतपासणीने. वकील केवळ निर्दोषालाच द्यावा म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की खटला चालण्यापूर्वी निर्दोष ओळखावा कसा? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात, कोणाचेही वकीलपत्र न घेण्याचे संघटनांचे ठराव घटनाबाह्य व निरर्थक ठरविले, ते याच कारणाने. वकिलाची मदत घेण्याचा अधिकार घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने प्रत्येक अटक झालेल्यास दिला आहे. त्यात सज्जन-दुर्जन असा भेद नाही.

कोणी संत थॉमस अक्विनास यांचा दाखला देतील. अन्याय्य पक्ष जाणूनबुजून चालविणारा वकील पाप करतो, असे त्यांनी 'सुम्मा'त म्हटले आहे खरे. परंतु पुढील नीतिशास्त्रज्ञांनी दिवाणी व फौजदारी दाव्यांत भेद केला. खोटा दावा जिंकून दुसऱ्याची जमीन लाटणे हा अन्याय होय; पण गुन्हा कायदेशीरपणे सिद्ध होईपर्यंत शिक्षा भोगावी, असे बंधन अपराध्यावरही नाही. त्याच्या वकिलाने खोटा साक्षीदार उभा करू नये, बनावट कागद पुढे करू नये, न्यायाधीशास फसवू नये. मात्र पुरावा तोलून पाहण्याचा त्यास पूर्ण हक्क आहे. तो पापाचे समर्थन करीत नाही, पापी माणसास एकटे सोडीत नाही.

आणि हे सारे इतरांपुरतेच आहे, असे समजण्याची चैन आता आपल्याला उरलेली नाही. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक झाली. कंपवाताने हात थरथरत असलेल्या या वृद्धास तळोजा कारागृहात पाणी पिण्यासाठी नळी व झाकणाचा पेला मिळावा, म्हणूनही न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात कच्चा कैदी म्हणूनच त्यांनी देह ठेवला. त्या दिवसांत आपण त्यांच्यासाठी प्रार्थना केली, ते उचितच होते. पण अर्ज लिहिण्यास वकीलच लागले. आरोपीचे वकीलपत्र घेणे हे पाप असते, तर फादरांसाठी उभे राहिलेल्यांस आपण काय म्हणणार?

प्रभू येशूच्या चौकशीत त्याच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. त्याच्या अटकेपूर्वी एकट्या निकदेमाने महाजनांना विचारले होते, की ऐकून घेतल्यावाचून माणसास दोषी ठरविणे आपल्या नियमशास्त्रात बसते काय. आणि त्याबद्दल त्याची हेटाळणी झाली. संत योहान पवित्र आत्म्यास 'कैवारी' म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ आरोपीच्या बाजूने उभा राहणारा असाच आहे. आपल्या पहिल्या पत्रात तोच शब्द तो ख्रिस्ताला लावतो, आणि कोणासाठी? ज्याच्या हातून पाप घडले त्याच्यासाठी! निर्दोषांचाच कैवार घेणारा ख्रिस्त असता, तर आपल्यापैकी कोणाची धडगत होती?

म्हणून आमचे सांगणे असे: मुलांना फौजदारी वकिलीपासून परावृत्त करू नका, खोटेपणापासून परावृत्त करा. कोठडीतील माणसास, उत्पन्नाची अट न घालता, मोफत वकील मिळण्याची तरतूद विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे; ती हर्सूल कारागृहातील बंद्यांच्या गरीब नातलगांना समजावून सांगा. बंदिवानाला भेटणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपण मुलांना धर्मशिक्षणात शिकवितो. त्याच्यासाठी न्यायालयात उभे राहणे हे त्याच कृत्याचे पुढचे पाऊल आहे.