वही पक्की, पण पहिली ओळ कोणाची?



ब्लॉकचेन आता आपल्या कापसापर्यंत आली आहे. ‘कस्तुरी कॉटन भारत’चा करार २०२२ साली झाला. त्यात रुईच्या गाठीला क्यूआर कोड लावून तिची नोंद ब्लॉकचेनवर ठेवायची आहे.

ब्लॉकचेन म्हणजे वहीच. फक्त तिच्या प्रती अनेकांकडे, आणि प्रत्येक पानावर आदल्या पानाचा अंगठा. मधले पान कोणी बदलले की पुढचे सारे अंगठे चुकतात, चोरी उघडी पडते. सावकाराच्या चोपडीत हे असते तर! बिटकॉइनची २००९ ची वही सेकंदाला सातेकच नोंदी घेते. म्हणून जास्त बोजा पेलणाऱ्या, एकमेकींच्या नोंदी पटवून घेणाऱ्या वह्या निघाल्या. २०२० साली सुरू झालेले पोल्काडॉट त्यातलेच.

तंत्राला आमचा विरोध नाही. पण ही वही खरे पुसू देत नाही, तसे खोटेही पुसू देत नाही. आठ टक्के ओलाव्याचा माल अकरा टक्क्यांचा लिहिला, की ते अकरा कायमचे. गाठीची कुंडली मांडता, मग काट्यापासून मांडा. वजन, ओलावा, दिलेला भाव, चुकाऱ्याची तारीख, सगळे आमच्यासमोर लिहा आणि वहीची एक प्रत आमच्याकडे ठेवा. ज्वारीच्या काट्यावरही हेच हवे.