सुटली असेल तर सांगा, सुटली नसेल तरी सांगा

पन्हाळा तालुक्यातल्या मंडळींना एक विनंती आहे. तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म भरायला आशाताई दारात येतात. त्यात विडी-सिगारेट, गुटखा-तंबाखूचाही प्रश्न असतो. घरात चारचौघं बसलेली असतात, म्हणून "छे, तसलं काही नाही" असं सांगून मोकळे होऊ नका.

त्या फॉर्मवर उत्तरं तीनच: कधीच नाही, पूर्वी घेत होतो किंवा आता कधीमधी घेतो, रोज घेतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी कायमची सोडलेला आणि परवाच्या जत्रेत ओढलेला, दोघंही मधल्याच रकान्यात. आजाराचा धोका ओळखायला एवढं चालतं. पण व्यसन सोडवायला दिलेल्या मदतीचा उपयोग झाला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून कुणीही विचारलं, तरी चार गोष्टी नेमक्या सांगा. काय घेता? दिवसातून किती वेळा? कोणत्या तारखेला सोडलं? त्यानंतर एकदा तरी घेतलं का? बायाबापड्यांनो, मिश्रीही यात धरा. २०१६-१७च्या पाहणीत राज्यात धूम्रपान करणारे शंभरात चारसुद्धा नव्हते. तंबाखू खाणारे-लावणारे मात्र चोवीसच्या आसपास होते. नुसतं "ओढता का?" विचारलं, तर बहुतेक माणसं नोंदीतून सुटतील.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि समुपदेशकांनाही सांगणं आहे: प्रश्न सगळीकडे तेच ठेवा, विचारायची मुदतही तीच ठेवा. एका केंद्राने आठव्या दिवशी विचारलं आणि दुसऱ्याने सहा महिन्यांनी, तर पहिल्याचा निकाल चांगला दिसणारच. हा घोळ मिटावा म्हणून तज्ज्ञांनी २००५ साली 'रसेल स्टँडर्ड' सुचवलं: सहा महिने सोडलेली हवी, त्या काळात फार तर पाच सिगारेटी, शब्दावर न विसंबता श्वासासारखी तपासणी, आणि ज्याच्याकडून उत्तरच मिळत नाही तो अजून ओढतोच असं धरायचं.

शेवटची अट आपल्यासाठी महत्त्वाची. तुमची खरोखर सुटली असेल, पण विचारपूस करणारा फोन तुम्ही उचलला नाही, तर हिशेबात तुम्ही नापास. पुन्हा सुरू झाली असेल, तरीही उचला. बहुतेकांना एका झटक्यात जमत नाही; कुठे घसरलात ते कळलं, तरच पुढची मदत नीट होईल.

सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत. सोडल्याची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि आशाताईंनाही सांगा.