लेकरांची वही कुठाय?



लेकरू मेलं की त्याला नंबर मिळतो. अमुक तालुका, अमुक महिना, इतके बालमृत्यू. पेपरात चौकट येते, विधानसभेत गोंधळ होतो, मंत्र्याची गाडी सेमाडोहपर्यंत जाऊन येते. पण तेच लेकरू जिवंत होतं तेव्हा कुठं होतं? कोणाच्या वहीत होतं? हे कोणी विचारत नाही. आपणही विचारत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याबाहेरच्या एका वीटभट्टीवर गेलो होतो. गेलो होतो मजुरीच्या भांडणासाठी. नऊ कुटुंबं, सगळी धारणीकडची कोरकू. कच्च्या विटा एकावर एक रचलेल्या, वर फाटकं प्लास्टिक, त्याला घर म्हणायचं. माती काढून पडलेला खड्डा पाण्यानं भरलेला, कडेला ना काटा ना दोरी. सात-आठ वर्षांचं एक पोट्टं उन्हात वाळत घातलेल्या विटा पलटवत होतं. त्याची बहीण, चारेक वर्षांची, कडेवर धाकटं घेऊन त्या खड्ड्याच्या काठानं फिरत होती. एका बाईला विचारलं,

"ताई, लेकराचं वजन कोण करते इथं?"

"गावात बाई करे भाऊ. तिकडं वहीत नाव हाय ना."

"अन् इथं?"

"इथं आमचं कोन हाय?"

मजुरीचं भांडण त्या दिवशी अर्धंमुर्धं मिटलं. मालकानं हजार विटांमागे थोडे पैसे वाढवले. आम्ही घोषणा दिल्या, चहा पिऊन परत आलो. खड्डा तसाच राहिला. ते पोट्टंही तिथंच राहिलं. ही आमची चळवळ!

आता यातली मेख बघा. नाव धारणीच्या वहीत आणि लेकरू अकोल्याच्या धुळीत. तिकडची अंगणवाडी सेविका नावापुढं लिहिते, 'स्थलांतरित'. तिचं काम संपलं. इकडची म्हणते, माझ्या यादीत नाही. तिचं काम सुरूच होत नाही. दोघींवर ओरडण्यात अर्थ नाही, त्या स्वतः तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या आपल्याच बाया आहेत. पण त्या दोन वह्यांच्या मधल्या चार-पाच महिन्यांत लेकराचं वजन उतरतं, लस चुकते, शाळा सुटते. आणि मग ते होळीला घरी जातं. कोरकूंचा मोठा सण होळी. बाप नवा सदरा घेतो, आणि लेकराच्या बरगड्या मोजून घ्या. पावसाळा लागला की तेच लेकरू आजारी पडतं, मेळघाटात मरतं आणि मेळघाटच्या नावावर चढतं. भट्टीचं नाव कुठंच येत नाही. मालकाचं येत नाही, मुकादमाचं येत नाही. 'आदिवासींच्या अंधश्रद्धा' मात्र नेमानं येतात.

मेळघाटच्या बालमृत्यूंवर १९९३ साली हायकोर्टात याचिका गेली. त्यानंतर किती कमिट्या झाल्या, किती मिशन निघाली! २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच हायकोर्टाला जूनपासूनच्या ६५ बालमृत्यूंवरून सरकारला पुन्हा फटकारावं लागलं. म्हणजे पहिल्या याचिकेच्या वेळी जन्मलेली पोरगी जगली असेल, तर आज तिचं लेकरू त्या यादीत असू शकतं. तीस वर्षांवर झालेली ही गोष्ट साथ नव्हे, पूर नव्हे. ही कायमची आणीबाणी आहे, फक्त तिची घोषणा कोणी करत नाही.

माणसं गाव का सोडतात? हौस म्हणून कोणी विटांच्या खोपटात झोपत नाही. पावसावरची एक पेरणी, ती दिवाळीपर्यंत संपते. रोजगार हमीचं काम निघालं तर मजुरी उशिरा. मुकादम मात्र रोख उचल देतो. उचल घेतली की नवरा-बायको जोडीनं बांधली जातात, आणि हिशोब हजारी असल्यामुळं लेकराचे दोन हातही त्यात आपोआप धरले जातात. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं सगळीकडे बंद झालं. पण कुटुंबाच्या धंद्यात शाळेनंतर 'मदत' चालते, अशी फट ठेवली. भट्टीमालकाला विचारा, तो हसून सांगेल, 'मी कुठं ठेवलं त्याले कामावर? बापाले मदत करून राह्यलं ना.'

आणि काहींना तर गावच राहिलं नाही. १९७३-७४ साली देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यात मेळघाट. पुढं कोअरमधली गावं उठवून अकोल्याच्या अकोट-तेल्हाऱ्याकडं आणून बसवली. जंगलातली माणसं सपाटीवर आली, कंदमुळं गेली, मोह गेला, मासळी गेली. तिथं जगणं जमेना म्हणून २०१९ च्या जानेवारीत ती बायकापोरांसह परत जंगलात शिरली. केलपाणीजवळ वनखातं आणि पोलिसांशी झटापट झाली. वाघाची मोजणी आधी पायाच्या ठशावरून व्हायची, आता कॅमेऱ्यातून होते. होऊ द्या, वाघाशी आपलं वैर नाही. पण उठवलेल्या गावातलं लेकरू किती किलोचं आहे, हे मोजायला कोणी कॅमेरा लावला?

कायदा काय म्हणतो? १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी कायदा झाला. तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. धारणीहून अकोल्याला येणारा कोरकू फक्त जिल्ह्याची हद्द ओलांडतो, तो त्या कायद्याला दिसलाच नाही. पाळणाघराची अट पन्नास कामगारांवर ठेवली. नऊ जोड्यांच्या भट्टीला पाळणाघर कोण देणार? २०२२ च्या सुमारास राज्यानं स्थलांतरितांचा माग ठेवणारी एम.टी.एस. नावाची संगणकी व्यवस्था आणली, अमरावती पहिल्या जिल्ह्यांत होतं. चांगली गोष्ट. पण लेकरू निघालं हे यंत्राला कळून भागत नाही. ते जिथं उतरलं तिथं कोणी तरी दार उघडावं लागतं.

हे रोजचं झालं. यात संकट आलं की काय होतं ते आपण पाहिलं आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपला सहा नंबरचा हायवे, जो आता त्रेपन्न झाला, माणसांनी भरला होता. खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. खांद्यावर लेकरं, पायात चपला नाहीत. आपण खिचडी वाटली, पाण्याच्या बाटल्या दिल्या. ते बरंच केलं. पण एका तरी लेकराला विचारलं का, तुझ्यासोबतचा हा माणूस तुझा कोण? विचारलं नाही. फोटो काढले. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. शाळा मोबाईलमध्ये गेली आणि मोबाईल बापाच्या खिशात. त्याच जुलैत मोर्णेचं पाणी अकोल्यातल्या वस्त्यांत शिरलं. पंचनाम्यात भिंती लिहिल्या, धान्य लिहिलं. अशा वेळी शाळेच्या एका खोलीत दहा घरं झोपतात. पोरींना संडासला कडी आहे का, रात्री दाराशी कोण बसतं, हे पंचनाम्याच्या कोणत्या रकान्यात येतं?

कोणी म्हणेल, कोरकू आपल्या जातीचे नाहीत, त्यांचं त्यांचे लोक बघतील. मग १९७३ चा पँथरचा जाहीरनामा काढून वाचा. दलित म्हणजे कोण हे सांगताना त्यात आदिवासी आहेत, भूमिहीन आहेत, कष्टकरी आहेत, स्त्रिया आहेत. आणि बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. बाप कोरेगावला, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून काढलेल्या तलावाच्या कामावर खजिनदार. पोरं साताऱ्याहून त्याला भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर अडकली. भीमराव नऊ-दहा वर्षांचा. न्यायला कोणी आलं नाही. जात कळली तसा स्टेशनमास्तर मागं सरकला. गाडीवान दुप्पट भाडं घेऊनही पोरांसोबत बसायला तयार नाही, गाडी पोरांनीच हाकायची. सोबत जेवण होतं, पाणी मिळालं नाही. रात्र तशीच काढली. दुष्काळ, प्रवास, एकटी पोरं आणि बंद दारं. आज भट्टीवरचं पोट्टं त्याच स्टेशनवर उभं आहे. फरक एवढाच की या वेळी दाराच्या आतल्या बाजूला आपणही आहोत. आपलेच काही भाऊ मुकादम झालेत, उचलीची वही तेच सांभाळतात. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं पाहिजे.

मग करायचं काय? मोर्चा काढू, पण मोर्चाआधी वही काढा. शंभर पानी, दहा-वीस रुपयांची. दिवाळी झाली की आपापल्या शहराच्या कडेच्या भट्ट्या, बांधकामं, संत्र्याचे बगीचे वाटून घ्या. प्रत्येक लेकराचं नाव, वय, गाव, सोबत कोण आहे, तिकडची अंगणवाडी, शाळा. ही वही फेसबुकवर टाकायची नाही, लेकरांची नावं चव्हाट्यावर मांडायची नाहीत. ती घेऊन जवळच्या अंगणवाडीत जायचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराला अंगणवाडीतून फुकट आहाराचा हक्क आहे. ते मूळ कुठलं हा प्रश्न ताटाला पडत नाही. शाळेत जायचं. दाखला नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे. मुख्याध्यापक कुरकुरले तर कायदा टेबलावर ठेवा. एकटं, हरवलेलं, मार खाल्लेलं लेकरू दिसलं तर १०९८ फिरवा आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपर्यंत पाठपुरावा करा. स्वतः घरी नेऊन ठेवू नका, उगाच हिरो होऊ नका. आणि पहिल्याच दिवशी त्या खड्ड्याला काटेरी कुंपण घालायला मालकाला भाग पाडा. त्यासाठी कोणत्याही जी.आर.ची वाट बघावी लागत नाही.

हे काम दिसायला बारीक आहे. यात भाषण नाही, हार नाही, पेपरात नाव नाही. म्हणूनच ते कोणी करत नाही.

होळीला ती माणसं गावी परततील. दिवाळीनंतर जितकी लेकरं आली तितकी परत गेली पाहिजेत. मोजून. आणि आली होती त्यापेक्षा हलकी होऊन नाही.

जय भीम!