दादरला उतरलात की एक तिकीट काढा

मार्च २०२४ मध्ये जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आली आणि आपल्या जिल्ह्यातला माणूस गाडी न बदलता दादरला उतरू लागला. कुणाचं मंत्रालयात काम, कुणाचा पेशंट टाटात, कुणाचं पोरगं तिकडंच नोकरीला. या सगळ्यांना एक विनंती आहे. काम उरकून हाताशी तीन तास राहिले, तर मॉलमध्ये शिरू नका. एकपडदा टॉकीजच्या खिडकीवर जाऊन तिकीट काढा.

मुंबईच्या टॉकीजचं आम्हाला काय, असं कुणी विचारेल. विचारावंच. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर मिळेना, कारण तिथं देव आनंदचा पिक्चर लावायचा होता. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, शिवसैनिक उभे राहिले, तेव्हा कुठं 'सोंगाड्या' लागला. त्यानंतर दादा कोंडके गावोगावी पोचले, आपल्याकडच्या पारावरही. मराठी पिक्चर मुंबईत उभा राहिला तरच वितरक तो मराठवाड्यात पाठवायची हिंमत करतो. भांडण तेव्हा एका पडद्यासाठी होतं. पडदाच उरला नाही, तर भांडणार कशासाठी?

आणि असे पडदे कमी होत चालले आहेत. १९३१ साली 'आलम आरा' जिथं लागला ते गिरगावचं मॅजेस्टिक कधीच पाडलं गेलं. दादर पूर्वेच्या चित्रा सिनेमाचा शेवटचा खेळ मे २०१९ मध्ये झाला. सरकारनं २००१ साली मल्टिप्लेक्सना सुरुवातीची वर्षं करमणूक कर माफ केला. एकपडदावाले मात्र तो भरत राहिले. शर्यत तिथंच वाकडी झाली. नंतर मोबाइल आला, ओटीटी आलं, कोरोनानं तर सगळ्यांनाच कुलूप लावलं.

लालबागचं भारतमाता मात्र अजून मराठी पिक्चरचं घर म्हणून ओळखलं जातं. ते उभं आहे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे गिरणीच्या जमिनीवर. त्याचा प्रेक्षक गिरणगावातला होता. पाळी सुटली की कामगार खिडकीवर यायचा. १९८२ चा संप झाला, पुढं गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. जमिनीच्या वादात भारतमाताही जायच्या बेतात होतं. मराठी कलावंत आणि प्रेक्षक रस्त्यावर उतरले म्हणून टिकलं. आसपासच्या जागेचा भाव पाहिला, तर मराठी पिक्चर दाखवायला ही जागा ठेवणं हा वेडेपणाच वाटेल. असा वेडेपणा शहरात थोडा तरी हवा.

मुंबई सेंट्रलला एसटीनं उतरणाऱ्यांना मराठा मंदिर सांगायला नको. डेपोच्या समोरच आहे. 'दिलवाले दुल्हनिया'साठी प्रसिद्ध असलेल्या या टॉकीजमध्ये रात्रीच्या गाडीची वाट पाहणारा खेड्यातला माणूसही बसतो, त्याचे कपडे कुणी बघत नाही. काचेच्या दारात उभ्या गार्डला पाहून बिचकणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

मालकांचीही चूक आहे. मोडक्या खुर्च्या, नाक धरून जावी लागणारी मुतारी, घरघरणारा आवाज. एवढ्यावर प्रेक्षकानं केवळ जुन्या प्रेमाखातर यावं ही अपेक्षा बरी नव्हे. पण पिक्चर आपला असेल तर माणूस येतो. २०१६ मध्ये 'सैराट'साठी सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागला होता.

म्हणून गेलात तर सोमवार ते गुरुवारच्या खेळाला जा. शनिवार-रविवार कसाही भागतो, मधले चार दिवस टॉकीज मारतात. मराठी पिक्चर पहिल्याच आठवड्यात बघा, 'पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हटलं की तो उतरलेला असतो. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या पैशात इथं घरातले दोघे-तिघे पिक्चर बघून येतात.

आणि मुंबईतलं काम आटोपून परत आलात, की वसमत असो, कळमनुरी असो वा सेनगाव, आपल्याला जवळ पडेल त्या टॉकीजलाही हेच लागू आहे. चालू असेल तर या शुक्रवारी सगळं घर घेऊन जा. बंद पडलेली असेल तर मालकाला भेटून विचारा, किती माणसं आली तर परत सुरू कराल? आकडा कळला की माणसं जमवायचं आपण बघू.