हायडनची चाकरी

युरोपीय संगीताविषयी लिहिणाऱ्यांमध्ये एक मत इतके रूढ झाले आहे की, त्याचा पुरावा मागण्याची आवश्यकताही कोणास वाटत नाही. योझेफ हायडन हा एका हंगेरियन सरदाराच्या पदरी तीस वर्षे गणवेश घालून राहिलेला आज्ञाधारक सेवक होता. धन्याने मागावे आणि याने रचून द्यावे अशा परवशतेत त्याची प्रतिभा सभ्य, प्रसन्न आणि निरुपद्रवी राहिली. पुढे मोझार्टने साल्झबुर्गच्या आर्चबिशपची नोकरी झुगारली, बीथोव्हेनने कोणापुढे मान तुकवली नाही, आणि तेव्हा कोठे संगीतकाराचे स्वातंत्र्य व त्याच्याबरोबर खरे श्रेष्ठ संगीत जन्मास आले, असे ते मत आहे. हे कथानक ऐकावयास मोठे उदात्त वाटते. परंतु त्यातील घटनाक्रम तपासू लागले की, त्याचा एकेक सांधा निखळू लागतो.

पूर्वपक्षाची बाजू त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे हे खंडनकाराचे पहिले कर्तव्य होय. 1 मे 1761 रोजी, म्हणजे आपल्याकडे पानिपतच्या संग्रामाला चार महिनेही लोटले नव्हते अशा वेळी, हायडनने प्रिन्स पॉल आंतोन एस्टरहाझी याच्या दरबारी उपसंगीतप्रमुखाच्या जागेचा करारनामा स्वीकारला. वार्षिक मुशाहिरा 400 गुल्डेन ठरला. पांढरे मोजे, स्वच्छ सदरा व पावडर लावलेले केस अशा पोशाखात राहावे. दुपारच्या आधी व नंतर दिवाणखान्याबाहेर हजर राहून आज संगीताचा हुकूम आहे की नाही याची विचारपूस करावी. सरकारांनी फर्मावलेल्या रचना कराव्या, त्यांच्या नकला कोणास देऊ नयेत, आणि परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी काही रचू नये, अशी त्यातील कलमे आहेत. पुढे 1765 साली, निकोलाउस एस्टरहाझीच्या कारकिर्दीत, हायडनला लेखी ताकीद मिळाली की, त्याने अधिक परिश्रम करावे आणि विशेषतः सरकारांच्या आवडत्या बारिटोन या तंतुवाद्यासाठी अधिक रचना कराव्या; हायडनने त्या वाद्यासाठी सुमारे सव्वाशे त्रिके रचून दिली. पंचवीस वर्षांनी, 1790 मध्ये, मारिआने फॉन गेन्त्सिंगर या सुविद्य स्नेहिणीला लिहिलेल्या पत्रांत तो आपल्या एकाकीपणाबद्दल व दास्याबद्दल उघड दुःख व्यक्त करतो. इतका कागदोपत्री पुरावा हाती असता प्रतिपक्ष विजयी झाला असे एखाद्यास वाटल्यास नवल नाही.

परंतु ज्या करारनाम्याचा हवाला देण्यात येतो, त्याची उरलेली कलमे हे लेखक वाचीत नाहीत. त्याच दस्तऐवजाने हायडनला चाकरांच्या पंगतीतून उचलून दरबारी अधिकाऱ्यांच्या वर्गात बसविले; वादकांची शिस्त, त्यांचे आपसातील तंटे, स्वरलिप्यांचे दफ्तर आणि वाद्यांची देखभाल ही त्याच्या हाती सोपविली; आणि तीन वर्षांच्या मुदतीनंतर अन्यत्र जावयाचे असल्यास सहा महिने आधी कळवून जाण्याची मोकळीकही दिली. म्हणजे एकोणतीस वर्षांच्या त्या तरुणाला जे मिळाले ते केवळ वेतन नव्हते. पंधरा-सोळा निष्णात वादकांचा नित्य सिद्ध असलेला वृंद त्याच्या हुकमतीखाली आला.

याची किंमत काय होती, हे त्याच्या आधीच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे कळते. रोराउ गावच्या चाके घडविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन गिरिजाघरात गात होता. कंठ फुटताच त्याला तेथून बाहेर पडावे लागले, आणि पुढील अनेक वर्षे तो ज्या अर्थाने प्रतिपक्ष हा शब्द वापरतो त्या अर्थाने पूर्ण ‘स्वतंत्र’ होता. पोटमाळ्यावर राहावे, शिकवण्या कराव्या, रात्री रस्त्यांवर वाजवावे, आणि पोर्पोरा या इटालियन आचार्याकडून विद्या मिळावी म्हणून त्याची वैयक्तिक सेवाही करावी, असे ते स्वातंत्र्य होते. त्या काळात त्याला धनी नव्हता, आणि वाद्यवृंदही नव्हता. मनात उमटलेला नाद दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष कानांनी ऐकावा, तो फसला तर तिसऱ्या दिवशी बदलावा, ही सोय ज्याला नाही त्या संगीतकाराचे स्वातंत्र्य बव्हंशी कागदावरच राहते.

एस्टरहाझींच्या चाकरीत ही सोय त्याने कशी वापरली, याची साक्ष त्याच्या रचनाच देतात. रुजू झाल्याच्या पहिल्याच वर्षी त्याने प्रातःकाळ, मध्यान्ह आणि सायंकाळ अशी नावे असलेल्या तीन सिंफनी रचल्या व त्यांत बासरीपासून डबल बासपर्यंत आपल्या वादकांना स्वतंत्र वादनाचा अवकाश दिला. 1765 मध्ये दरबारी चार हॉर्नवादक उपलब्ध असताना त्या चौघांचा मनसोक्त उपयोग करणारी सिंफनी त्याने लिहिली. 1772 साली फा-शार्प मायनर या त्या काळी सिंफनीत जवळजवळ न आढळणाऱ्या स्वरभूमीत लिहिण्याचे त्याने मनात आणले. तत्कालीन हॉर्न त्या स्वरभूमीत वाजेना, तेव्हा त्यांचा स्वर अर्ध्या पट्टीने उतरविणाऱ्या जोडनळ्या मुद्दाम करवून घेण्यात आल्या आणि त्यांचा खर्च सरकारी खजिन्याने सोसला. प्रतिभेने मागणी करावी आणि जामदारखान्याने ती पुरवावी, याला दास्य म्हणावयाचे असेल, तर त्या शब्दाची व्याख्या पुन्हा करावी लागेल.

हीच ती ‘निरोपाची’ सिंफनी. एस्टरहाझाच्या प्रासादात मुक्काम लांबल्यामुळे आयझेनश्टाटला राहिलेल्या कुटुंबांच्या ओढीने वादक कासावीस झाले होते. अंतिम भागात एकेका वादकाने आपला दिवा मालवून निघून जावे आणि शेवटी दोनच व्हायोलिने उरावी, अशी योजना करून हायडनने त्यांचे गाऱ्हाणे धन्यापुढे मांडले, आणि ते मान्य झाले. ज्याने अर्जदास्तीलाही सिंफनीचे रूप दिले आणि तीही इतक्या विलक्षण, अस्वस्थ स्वरभूमीत, त्याच्या संगीताला निरुपद्रवी म्हणणारे ते संगीत लक्षपूर्वक ऐकतात काय, अशी शंका येते. त्याच वर्षीची सहा तंतुवाद्य-चतुष्के, ज्यांपैकी तिहींचा शेवट फ्यूगने होतो, हीही या ‘आज्ञाधारक’ काळाचीच निर्मिती आहे.

आता ज्यांची नावे स्वातंत्र्याचे वीर म्हणून घेतली जातात, त्यांचा हिशेब पाहू. मोझार्टने 1781 मध्ये साल्झबुर्गची नोकरी सोडली हे खरे. पण 1787 च्या डिसेंबरात त्याने 800 गुल्डेनांवर बादशाही दरबाराची नेमणूक आनंदाने पत्करली, आणि तरीही पुख्बर्ग या व्यापाऱ्याकडे कर्जासाठी त्याला वारंवार पत्रे धाडावी लागली. बीथोव्हेन तरुणपणी बॉनच्या दरबारात नोकरीस होताच. पुढे 1 मार्च 1809 रोजी आर्चड्यूक रुडोल्फ, लॉबकोविट्झ आणि किन्स्की या तिघांनी त्याला वार्षिक 4,000 गुल्डेनांची तैनात लिहून दिली. त्याने ऑस्ट्रियातच वास्तव्य करावे ही त्यातील अट होती. 1811 मध्ये चलनाचे मूल्य कोसळले, पुढील वर्षी किन्स्की घोड्यावरून पडून मरण पावला, आणि स्वातंत्र्याच्या या महापुरुषाला थकबाकीसाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागले. यात त्याचा कमीपणा मुळीच नाही. कमीपणा आहे तो त्याच्या नावावर उभारलेल्या कथेचा.

मात्र यावरून काही जण अगदी उलट टोकाला जातात आणि सरंजामी आश्रय हीच प्रतिभेची जननी असे सांगू लागतात. तेही तितकेच त्याज्य आहे. ग्रेगोर वेर्नर हा हायडनचा पूर्वाधिकारी त्याच घराण्याच्या चाकरीत 1728 पासून 1766 पर्यंत होता. आश्रयानेच हायडन निपजत असते, तर वेर्नरच्या नावाची अशी विस्मृती झाली नसती. शिवाय धन्याच्या मर्जीवर उभी असलेली संस्था किती क्षणभंगुर, हेही तेथेच दिसले: सप्टेंबर 1790 मध्ये निकोलाउस वारला आणि त्याच्या वारसाने तो वृंद बहुतांशी बरतर्फ केला. हायडनला निवृत्तिवेतन मिळाले. इतर बहुतेकांना रस्ता धरावा लागला.

सिद्धांत निघतो तो या दोन्ही मतांपलीकडचा. ग्रीसिंगर या चरित्रकाराजवळ वृद्ध हायडनने जे सांगितले त्याचे तात्पर्य असे की, वृंदाचा प्रमुख असल्यामुळे त्याला प्रयोग करून पाहता आले, काय ठसते आणि काय फिके पडते हे कळले, आणि जगापासून दूर राहिल्यामुळे स्वतंत्र होण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कलावंताचे स्वातंत्र्य साधनांवरील त्याच्या अधिकारात असते, आणि तो अधिकार मिळाल्यावर तो वाढवीत नेणे हे कलावंताचे स्वतःचे कर्तृत्व असते. हायडनने तो वाढवीत नेला. 1779 च्या नव्या करारातून परक्यांसाठी रचना न करण्याचे कलम गळाले, आणि त्यानंतर व्हिएन्नाच्या आर्टारियाने छापलेली चतुष्के, पॅरिसकरांसाठी लिहिलेल्या सहा सिंफनी, कादिझ शहरातून मागविलेली ख्रिस्ताच्या अंतिम वचनांवरील रचना, ही सारी एस्टरहाझींच्या चाकरीत असतानाच युरोपभर गेली. लंडनमध्ये झालोमोन या संगीतसभांच्या आयोजकाने त्याला अटी घालूनच बोलाविले होते. तेथील तिकिटे घेणारा समाज हाही एक धनीच होता, केवळ अनेक मुखांचा. आणि तेथे कीर्ती व द्रव्य मिळवून 1795 मध्ये परतल्यावर हायडन पुन्हा एस्टरहाझींच्याच सेवेत राहिला, त्यांच्यासाठी सहा मिसा रचल्या आणि त्याच वर्षांत ‘सृष्टी’ हा महान ओरेटोरिओही सिद्ध केला.

तेव्हा हायडनच्या गणवेशाकडे बोट दाखवून त्याच्या संगीताचे मोल ठरविणाऱ्यांनी आपली कसोटी बदलावी. त्याने कोणाचे मीठ खाल्ले, हा प्रश्न इतिहासात गौण आहे. त्या मिठाच्या बदल्यात त्याने स्वतःसाठी कोणते अधिकार मिळविले आणि त्यांचा उपयोग कशासाठी केला, हा प्रश्न मुख्य आहे. त्याचे उत्तर एस्टरहाझींच्या दफ्तरात आणि शंभरांहून अधिक सिंफनींच्या पानांत आहे, आणि ते प्रतिपक्षाच्या कथेला अनुकूल नाही.