झोप न येणाऱ्या रात्रीसाठी स्तोत्र ३

दिवसभर कामात दबून राहिलेली काळजी कधीकधी दिवा मालवल्यावरच जागी होते. कर्जाचा हप्ता, आईच्या तपासणीचा रिपोर्ट, घर सोडून गेलेला मुलगा. अशा रात्री कोणी ‘देवावर भरवसा ठेव’ म्हटलं, तरी तो ठेवायचा कसा हे कळत नाही.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी तिसरं स्तोत्र अशाच प्रसंगाशी जोडलेलं आहे. त्याच्या शीर्षकात म्हटलंय, की दावीद राजा आपला मुलगा अबशालोम याच्यापासून पळत होता तेव्हाचं हे स्तोत्र. ती हकीकत २ शमुवेल, अध्याय १५ ते १८ मध्ये आहे. पोटच्या मुलानेच बंड केलं. विश्वासातला सल्लागार अहिथोफेल त्याला जाऊन मिळाला. दावीद डोकं झाकून, अनवाणी, रडत जैतुनांचा डोंगर चढला. पुढे वाटेत एकाने त्याला शिव्याशाप दिले, दगडही मारले.

या स्तोत्रात फक्त ८ वचनं आहेत. पहिल्या दोनांत दावीद शत्रू किती वाढलेत आणि लोक काय बोलतात, ते देवाला सरळ सांगतो. देव आता याला वाचवणार नाही, असं लोक म्हणत होते. हे बोलणं किती लागलं असेल! तो दुःख लपवत नाही, पुढे रागही लपवत नाही. तिसऱ्या वचनात मात्र त्याची नजर वळते. देव आपली ढाल आहे, आपलं झुकलेलं डोकं वर करणारा आहे, असं तो म्हणतो. आणि पाचव्या वचनात तो सांगतो, की आपण निजलो, झोपलो आणि जागे झालो.

बंड मोडल्याचा इथे उल्लेख नाही. सहाव्या वचनातही शत्रूंचा वेढा आहेच. परिस्थिती तीच होती, पण पहारा देवाकडे सोपवून दावीद झोपू शकला.

याचा अर्थ तो हातावर हात ठेवून बसला, असा नाही. अहिथोफेलचा सल्ला हाणून पाडायला त्याने आपला मित्र हूशय याला परत यरुशलेमला पाठवलं. पुढे महनाईम इथे बर्जिल्लय आणि इतर काही जण अंथरुणं, भांडी, गहू, जव, डाळी, मध असं सामान घेऊन आले. देवाची मदत कधीकधी अशी माणसांच्या हातून, अंथरुण-पांघरुणाच्या रूपातही येते. कोणी डबा घेऊन दाराशी आलं, तर संकोचाने ‘नको’ म्हणू नका.

शेवटी राज्य वाचलं, पण अबशालोम मारला गेला आणि दावीद त्याच्यासाठी ढसाढसा रडला. म्हणजे देवावर भरवसा ठेवला की सगळं मनासारखं होतं, असं बायबल सांगत नाही. मनाविरुद्ध घडलं तरी देव जवळच असतो आणि त्याच्यापाशी रडता येतं, ही खरी आशा आहे.

आज रात्री हे स्तोत्र सावकाश वाचा. शत्रूंच्या जागी तुमच्या काळज्या एकेक करून, नाव घेऊन देवाला सांगा. उद्या करण्यासारखं एखादं काम असेल, तर ते कागदावर लिहून ठेवा. शेवटच्या वचनात दावीद सगळ्या लोकांसाठी आशीर्वाद मागतो, आणि त्यातले कितीतरी त्याच्यावर उलटलेले होते. तुम्हीही ज्याच्यामुळे झोप उडाली आहे त्याच्यासाठी एक वाक्य प्रार्थना करा. मग दिवा मालवा. पहारा द्यायला देव जागा आहे.